अध्यक्षांच्या अंगणातला पंचनामा

सिमलटारच्या चार नंबर वॉर्डात हजेरी दोन ठिकाणी लागत असे. एक वॉर्ड ऑफिसात. तिथे सरकारने बोट टेकवायचं यंत्र बसवलं होतं आणि तिसऱ्याच आठवड्यात त्या यंत्राने वॉर्डातलं एकूण एक बोट ओळखायचं नाकारलं होतं. दुसरी हजेरी वॉर्ड अध्यक्ष टंकनाथ निरौला यांच्या अंगणात, सकाळी सहा ते नऊ. तिथे यंत्र नव्हतं, वही नव्हती, सहीही नव्हती. पण कोण आलं, कोण उशिरा आलं आणि कोण चार दिवस दिसलं नाही, याची नोंद इतकी चोख राहायची की काठमांडूच्या लेखापरीक्षकांनी येऊन शिकावं.

अंगणात जायचं म्हणजे तिथे काही करायचं नसे. हातात काम घेऊन येणारा माणूस उलट कच्चा समजला जाई. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, खुर्ची नसली तर गवताच्या गुंद्रीवर, म्हणजे चटईवर. कोवळ्या उन्हात पाठ शेकायची, फिका चहा प्यायचा, अध्यक्षज्यू, म्हणजे अध्यक्षजी, बाहेर आले की उठायचं, ते हसले की हसायचं आणि ते कुणावर चिडले असले तर आपणही त्या माणसाबद्दल थोडं थोडं चिडायचं. याला चाकरी म्हणतात. पगार नाही, रजा नाही, निवृत्तीचं वय नाही. फायदा एवढाच की पुढेमागे रस्त्याचं काम निघालं, शाळेत शिपायाची जागा निघाली, म्हशींच्या अनुदानाची यादी झाली, की अध्यक्षज्यूंना तुमचं तोंड आठवतं. तोंड आठवलं की तुम्ही आपला माणूस. आपल्या माणसाला नियम लागत नाही. नियम असतात ते उरलेल्यांसाठी.

वॉर्ड सचिव फूलसरी चौधरी तीन वर्षांत या अंगणात एकदाही गेली नव्हती. पहिल्या वर्षी तिला ठाऊकच नव्हतं. ती बर्दियाची, सपाट मुलखातली, थारू जमातीची. लोकसेवेची परीक्षा देऊन या डोंगरात आली तेव्हा तिला वाटलं होतं की ऑफिस दहाला उघडतं म्हणजे सरकार दहाला सुरू होतं. दुसऱ्या वर्षी ठाऊक झालं, पण एवढ्या उशिरा जायचा संकोच वाटला. तिसऱ्या वर्षी त्याला तत्त्व म्हणायला काही हरकत उरली नव्हती. अंगणात तिच्याविषयी बोललं जाई ते बहुतेक खाण्यावरून. गोगलगायी खाणाऱ्यांना घाई कसली, त्या येतील हळूहळू, असं ठेकेदार खड्गबहादूर बस्नेत म्हणत आणि अंगण हसे. फूलसरीला हे कळलं तेव्हा तिने एवढंच विचारलं की खड्गदाइंनी घोंघी, म्हणजे गोगलगाय, कधी चाखलीय का, कारण चाखली असती तर रस्ता असा बांधला नसता; घोंघी निदान आपलं कवच पक्कं बांधते.

कुणाचंच माणूस नसल्यामुळे तिला एक सोय होती. तिच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती. गैरसोय एकच होती की तिला सही करता येत नव्हती. कागद ती तयार करी, शिक्का तिच्याकडे असे. सही मात्र अध्यक्षांची.

देउमाया परियार पहिल्यांदा ऑफिसात आली ती भाद्रपदात. वॉर्डातली शिंपीण; या डोंगरात शिंप्यांची जात अस्पृश्य धरतात. गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ, शाळेचे गणवेश तिच्या मशीनवरचे, लग्नातले दौरा-सुरुवाल तिचेच. तिची मुलगी अनुजा एकोणीस वर्षांची. अनुजाला लोकसेवेचा फॉर्म भरायचा होता, खरिदाराच्या जागेसाठी, म्हणजे सरकारी कारकुनीसाठी. फॉर्मला नागरिकता लागते, म्हणजे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र; त्या नागरिकतेला वॉर्डाची शिफारस लागते. शिफारशीत बापाचं नाव लागतं आणि ते नव्हतं. वॉर्डात रस्ता झाला त्या वर्षी रोलर चालवायला एक माणूस आला होता. त्याने देउमायाशी देवळात लग्न केलं, ज्याचा कागद देवाकडेच राहिला. रस्ता पुरा झाला, रोलर गेला, रोलरबरोबर तोही गेला. रस्त्याचं पुढे तीनदा काम निघालं. तो काही कुठल्या दुरुस्तीला परतला नाही.

कायदा अशा वेळी सरळ होता. आई नेपाळी आहे, बापाचा पत्ता नाही, तर आईच्या नावावर नागरिकता मिळते. वॉर्डाने चतुःसीमेच्या शेजाऱ्यांसमोर सर्जमीन करायचं, म्हणजे पंचनामा: ही मुलगी हिचीच, इथेच जन्मली, इथेच वाढली, असं शेजाऱ्यांनी सांगून सह्या करायच्या. त्यावर अध्यक्षांनी शिफारस द्यायची. फूलसरीने कागद केला आणि अध्यक्षांपुढे ठेवला.

अध्यक्षज्यू म्हणाले, होईल.

टंकनाथ निरौला कधी नाही म्हणत नसत. लेखी नकार दिला की माणूस जिल्ह्याला दाद मागू शकतो. होईल म्हटलं की माणूस घरी जातो. देउमाया चौदा वेळा आली आणि चौदा वेळा होईल घेऊन गेली. फूलसरीने आडून विचारलं तेव्हा कारण कळलं. गेल्या निवडणुकीत देउमायाने दोन्ही पक्षांचे झेंडे शिवले होते. त्यात काही गैर नव्हतं, शिंपिणीकडे जो कापड आणेल त्याचं ती शिवणार. पण पाऊस पडला तेव्हा अध्यक्षज्यूंच्या झेंड्यांचा रंग गळला आणि समोरच्या पक्षाचे टवटवीत राहिले. कापड त्यांनीच स्वस्तातलं आणलं होतं, ही गोष्ट वेगळी. एवढ्यावरही भागलं असतं. देउमायाने दोन सकाळी अंगणाच्या कडेला येऊन उभं राहायला हवं होतं, चूक झाली म्हणायला हवं होतं. ती आली नाही. तिचं घर अंगणाला लागून होतं, मध्ये एक बाभळीचं कुंपण; मशीनची खडखड अंगणात ऐकू यायची आणि ती चाकरीच्या नेमक्या वेळेला चालायची.

माघ उजाडला. फॉर्मची शेवटची तारीख दहा दिवसांवर आली. अनुजा ऑफिसात येऊन बाकावर बसली. रडली वगैरे नाही. तिने शांतपणे विचारलं की ती देशाची नागरिक नसेल तर नेमकी कुणाची आहे, तेवढं वॉर्डाने लेखी द्यावं, म्हणजे ती तिथे जाऊन अर्ज करील.

फूलसरीने त्या प्रश्नावर आवक क्रमांक टाकला. हा सवयीचा भाग होता. पण क्रमांक टाकल्यावर तिला वाटलं की आता याचं उत्तर द्यावं लागेल.

तिने पंचनाम्याची नोटीस काढली. स्थळ: देउमाया परियार यांचं घर. मंगळवार, सकाळी आठ. चतुःसीमा सोपी होती: पूर्वेला अध्यक्ष, उत्तरेला ठेकेदार बस्नेत, दक्षिणेला निवृत्त मास्तर होमनाथ अधिकारी, पश्चिमेला पुष्पलालचं दुकान. मंगळवारी आठ वाजता देउमायाने अंगण शेणाने सारवून ठेवलं, चार खुर्च्या मागून आणल्या, सेल रोट्या तळल्या. कुणीच आलं नाही. कुंपणापलीकडून खोकल्याचे, चहाच्या पेल्यांचे आवाज येत होते. चारही साक्षीदार पलीकडे वीस पावलांवर बसलेले होते आणि त्यांचं तिथे बसणं चुकवता येण्यासारखं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी पाचची वेळ दिली, तर पुष्पलाल म्हणाला की आधी अध्यक्षज्यूंचं मन बघायला हवं. ते कसं बघतात, असं विचारल्यावर तो म्हणाला, ते सकाळीच दिसतं. शुक्रवारी होमनाथ मास्तरांनी निरोप पाठवला की आपण मनाने हजर आहोत, तसं लिहून घ्यावं.

फूलसरीने नियमाचं पुस्तक उघडलं. पंचनामा शेजाऱ्यांसमोर व्हावा, असं त्यात होतं. तो कुठे व्हावा, हे पुस्तक लिहिणाऱ्याला सांगावंसं वाटलं नव्हतं. त्याने धरून चाललं होतं की शेजारी आपापल्या घरी असतात. बिचारा शहरातला असणार.

तिसरी नोटीस तिने अशी काढली: "स्थळ: चतुःसीमेचे रहिवासी त्या वेळी जिथे हजर असतील ते ठिकाण. रविवार, सकाळी सात." नोटीस फलकावर लावली, जो कुणी वाचत नाही. एक प्रत अध्यक्षांच्या सहीच्या गठ्ठ्यात घातली. अध्यक्षज्यू दिवसाला चाळीस कागदांवर न वाचता सही करत. वाचून अडवत ते फक्त तेच कागद, ज्यांच्यासाठी कुणी बाहेर बसलेलं असे. या नोटिशीसाठी बाहेर कुणीच बसलं नव्हतं. "पाहिलं" म्हणून सही झाली.

रविवारी सकाळी सात वाजता फूलसरी चौधरी देउमाया आणि अनुजाला घेऊन टंकनाथ निरौलांच्या अंगणात शिरली. काखेत फाईल, पिशवीत शिक्का आणि शाईची डबी. अंगणात सतरा माणसं होती. क्षणभर चहाचे पेले हवेत थांबले, मग तीन जण एकदम उठले आणि तीन खुर्च्या पुढे आल्या. पुष्पलाल लगबगीने आत वर्दी द्यायला गेला: सचिवदिदी आल्या. तीन वर्षांनी आल्या.

अध्यक्षज्यू पूजेला बसले होते. वर्दी ऐकून त्यांना फार बरं वाटलं. आता इथे एक रिवाज आहे. नुसता चाकरीला आलेला माणूस दहा मिनिटं थांबतो. आधी ताठ असलेला आणि आता वाकायला आलेला माणूस जास्त थांबतो, कारण त्याने थांबलेलं सगळ्यांनी पाहायचं असतं. तीन वर्षांच्या थकबाकीला किती वेळ योग्य, याचा अध्यक्षज्यूंनी विचार केला आणि घंटी पुन्हा हातात घेतली. त्या दिवशी त्यांनी देवाची सहस्र नावं म्हणायला घेतली, जी एरवी ते शंभरावर आटपत.

बाहेर फूलसरीने फाईल उघडली आणि उभ्यानेच कागद वाचायला सुरुवात केली. सिमलटार गावपालिका, वॉर्ड क्रमांक चार, अमुक तारीख, अमुक कायद्याच्या अमुक कलमानुसार. खालच्या पायरीपाशी देउमाया उभी होती; तिच्या जातीने तिथपर्यंत यायचं असं लिहिलेलं कुठेच नव्हतं आणि ती तिथेच थांबली होती. अनुजा मात्र पायरी चढून सचिवदिदीच्या शेजारी येऊन उभी राहिली. आजच्या दिवशी कशाला काय म्हणायचं, हे कुणालाच नक्की नव्हतं.

"ही मुलगी कुणाची, ते आपल्याला माहीत आहे का?" फूलसरीने विचारलं.

सगळ्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. दारातून घंटीचा आवाज येत होता, आणि तो आनंदी होता.

इथे खड्गबहादूर बस्नेतांचं डोकं चालू लागलं. ठेकेदार माणूस, निविदा उघडायच्या आधी आकडा ओळखणारा. त्यांनी हिशेब असा मांडला: सचिवबाई तीन वर्षं आली नाही, आज आली. शिंपिणीला घेऊन आली, कागद घेऊन आली. अध्यक्षज्यूंच्या अंगणात अध्यक्षज्यूंच्या मर्जीवाचून कावळा बसत नाही. मग सरकारी कागद वाचला जातोय तो कुणाच्या मर्जीने? आतून घंटी वाजतेय ती खुशीत. म्हणजे सगळं आधीच ठरलंय, आणि आपल्याला सांगितलेलं नाही. सांगितलं नाही म्हणजे परीक्षा आहे. जो आधी बोलेल तो आपला माणूस.

"कुणाची म्हणजे?" खड्गबहादूर खुर्चीतून उठले. "देउमायाची. सारं गाव जाणतं. मी तर बारशाला तूप पाठवलं होतं."

तूप त्यांनी पाठवलं नव्हतं. पण बोलणाऱ्याचा आवाज असा होता की देउमायालाही क्षणभर ते तूप आठवलं.

मग धरण फुटलं. होमनाथ मास्तरांना राहवेना. एक ठेकेदार आपल्या आधी साक्ष देतो म्हणजे काय. त्यांनी जाहीर केलं की या मुलीचं नाव शाळेत आपण घातलं, तारीख आपल्याला पाठ आहे, पहिलीत तिला मरतेस की शिकतेस असा दम आपणच दिला होता. पुष्पलाल आतून परत आला आणि पाहतो तो सही चाललेली. त्याला वाटलं आपण वर्दी द्यायला गेलो तेवढ्यात काही घोषणा झाली. त्याने सांगितलं की या मुलीचा पहिला बिस्किटाचा पुडा त्याच्या दुकानातला, आणि ती उधारी अजून बाकी आहे पण ते आज लिहू नये. चतुःसीमेत घर नसलेले लोकही रांगेत आले. त्यांना नियमाप्रमाणे सही करता येत नव्हती. एकजण रागावला, म्हणाला, चौदा वर्षं येतोय या अंगणात, आणि माझी सही नको? फूलसरीने त्याच्यासाठी "इतर उपस्थित" असा रकाना पाडला, मग त्या रकान्यातही ढकलाढकली झाली.

अर्जदार म्हणून सही आधी देउमायाने केली होती. तेच पेन पुढे होमनाथ मास्तरांच्या हातात आलं. मास्तरांनी पेनाकडे पाहिलं, देउमायाकडे पाहिलं, शालीच्या टोकाने पेन पुसलं आणि झोकदार सही केली. दोन्ही गोष्टी मनापासून.

अध्यक्षज्यू बाहेर आले तेव्हा कागदावर साक्षीदारांची सतरा नावं होती.

गोरे, उंच, कपाळावर ओला टिळा, डोक्यावर नवी ढाका टोपी. वाकायला आलेल्या बाईसाठी चेहरा तयार करून आले होते. फूलसरीने नमस्कार केला आणि कागद पुढे धरला. त्यांनी वाचला. या खेपेस मात्र नीट वाचला. वाचता वाचता तयार केलेला चेहरा गळत गेला, त्या झेंड्यांसारखा नव्हे, जरा सावकाश.

"हे इथे कुणी करायला सांगितलं?" असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं असावं. पण सतरा तोंडं त्यांच्याकडे बघत होती, प्रत्येकावर शाबासकीची अपेक्षा होती. हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं म्हणायचं म्हणजे आपल्या अंगणात आपल्या आज्ञेवाचून काही घडतं, असं म्हणायचं. एकदा ते म्हटलं की उद्यापासून सहाला कोण येईल?

खड्गबहादूरांनी मदत केली. म्हणाले, गरिबाचा पंचनामा स्वतःच्या घरी बसवून करवला, असा अध्यक्ष कुठल्या वॉर्डात दाखवा. अंगणाने मान डोलावली.

"चांगलं झालं," अध्यक्षज्यू म्हणाले. "कागद ऑफिसात ठेवा. बघतो. होईल."

"अध्यक्षज्यू, शिक्का आणलाय," फूलसरी म्हणाली. "शिफारशीचं पत्रही आणलंय. सहीच राहिलीय."

तिने पत्र पंचनाम्याच्या वर ठेवलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. अध्यक्षज्यूंनी पेन घेतलं, कारण दिलेली वस्तू घ्यायची त्यांना सवय होती. मग त्यांना निदान एक गोष्ट वसूल करावीशी वाटली. पायरीखाली उभ्या असलेल्या देउमायाकडे वळून ते मायेने म्हणाले, "बघ देउमाया, तुझ्या मनात अढी होती, माझ्या मनात नव्हती. आता येत जा सकाळची. शेजारीच तर आहेस."

एवढंच हवं होतं. देउमायाने हो म्हणायचं, खोटं का होईना. फूलसरीला वाटलं, म्हणेल. तिच्या जागी आपण असतो तर म्हटलं असतं, असंही तिला वाटून गेलं आणि त्याची जराशी लाज वाटली.

"सकाळी माझं मशीन असतं, अध्यक्षज्यू," देउमाया म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, माप सांगताना असतो तसा होता. "काही काम पडलं तर ऑफिसात येईन. दहाला."

पेन कागदावरून उचललं गेलं. अनुजाने आईकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, उलट ती थोडी ताठ उभी राहिली.

अध्यक्षज्यू पेन मिटत म्हणाले की मग तसंच करूया, दहाला, ऑफिसात, बघू.

"हरकत नाही," फूलसरी म्हणाली. "मग मला पंचनाम्याखाली शेरा लिहावा लागेल. वॉर्ड अध्यक्षांनी स्वतःच्या अंगणात सतरा जणांची साक्ष ऐकली आणि ती त्यांना विश्वास ठेवण्यासारखी वाटली नाही. नावं वरती आहेतच." तिने खिशातलं दुसरं पेन काढलं आणि लिहायला टेकवलं.

होमनाथ मास्तरांचा चेहरा उतरला. चौदा वर्षं येणारा तो माणूस चुळबुळला. खड्गबहादूरांनी आयुष्यात पहिल्यांदा अध्यक्षज्यूंकडे असं पाहिलं की जणू आता परीक्षा त्यांची आहे. खड्गबहादूरांचं न पाठवलेलं तूप पणाला लागलं होतं. सतरा माणसं, सतरा घरं, घरातले मतदार. टंकनाथ निरौलांनी मनातल्या मनात जी बेरीज केली ती त्यांना फार लवकर जमली.

त्यांनी सही केली. जरा जोरात केली, कागद थोडा फाटला. फूलसरीने फाटल्या जागेशेजारी शिक्का मारला, शाई सुकेपर्यंत फुंकर घातली आणि पत्र अनुजाच्या हातात दिलं. साडेआठची जिल्ह्याची बस चौकात उभी होती.

दुपारपर्यंत अध्यक्षज्यूंना आपलं नेमकं काय झालं ते पूर्ण कळलं. एक वाजता गावपालिकेतून फोन आला; इथे सुट्टी शनिवारची, रविवारी ऑफिसं चालू असतात. मुख्य प्रशासकीय अधिकारी निराजन कोइराला फूलसरीला दोनला बोलावत होते.

निराजनसर तरुण होते, सभ्य होते, परदेशात प्रशासन शिकून आले होते. भिंतीवर त्यांनी पारदर्शकतेचा तक्ता लावला होता, खिळा स्वतः ठोकला होता. त्यांना काठमांडूला बदली हवी होती आणि त्यासाठी ते रोज सकाळी मंत्र्यांच्या स्वीय सचिवाला फोन करून तब्येत विचारत. त्यांचं अंगण लांब होतं एवढंच.

त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले की वैयक्तिकरीत्या त्यांना हे फार आवडलं. पण तांत्रिक अडचण आहे. सरकारी पंचनामा खाजगी घराच्या अंगणात झालाय. फूलसरीने स्पष्टीकरण द्यावं, त्यात प्रक्रियेत चूक झाल्याचं मान्य करावं. मग वॉर्ड जिल्ह्याला पत्र पाठवून शिफारस मागे घेईल, आणि पुन्हा सगळं रीतसर करता येईल. मुलीने पुढच्या वर्षी फॉर्म भरावा, वय काय कमी आहे तिचं. "तुमच्या फाईलवर एक ओळही येणार नाही, चौधरीज्यू. मी बघतो."

फूलसरीने विचारलं की पत्र लेखी आहे का. होतं. त्यांनी ते पुढे सरकवलं. चोवीस तासांच्या आत लेखी खुलासा सादर करावा.

तिने पत्र घडी करून ठेवलं आणि निघाली. त्यांनी विचारलं, आत्ताच दोन ओळी लिहून देता येणार नाहीत का. ती म्हणाली, चोवीस तास दिलेत, ते घेते.

घेतले. संध्याकाळी तिने भात केला, गुंद्रुकची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीची, आमटी केली, जेवली. बस पोचेपर्यंत जिल्ह्याचं ऑफिस बंद झालं होतं, म्हणून अनुजा तिथे मावशीकडे उतरली होती. सोमवारी दहाला जिल्हा प्रशासनाची खिडकी उघडली तेव्हा ती रांगेत तिसरी होती. साडेअकराला तिने फोन केला. नागरिकता मिळाली, म्हणाली. मग क्रमांक वाचून दाखवला, आकडा आकडा सुटा करून, जसं कुणी पहिल्यांदा स्वतःचं नाव मोठ्याने वाचावं तसं. फॉर्म आजच भरते, म्हणाली, आणि तिकडच्या गर्दीत कुणाला तरी दटावलं की रांग इकडून आहे.

दोन वाजायला दहा मिनिटं असताना फूलसरीने खुलासा दिला. निराजनसरांनी उभ्यानेच वाचला.

"नियमाप्रमाणे पंचनामा चतुःसीमेच्या शेजाऱ्यांसमोर व्हावा लागतो. वॉर्ड क्रमांक चारचे शेजारी सकाळी सहा ते नऊ या वेळेत आपल्या घरी नसतात, अध्यक्षांच्या अंगणात असतात. हे मी तीन नोटिसा काढून तपासलं आहे. पंचनाम्यात कोणतीही चूक झालेली नाही. शेजाऱ्यांनी त्या वेळी आपापल्या घरी असावं असा आदेश गावपालिकेने काढल्यास मी त्याची अंमलबजावणी करीन. संबंधित नागरिकतेचा क्रमांक माहितीसाठी सोबत जोडत आहे."

निराजनसरांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाले की तिने मुद्दाम वेळ काढला.

"पत्रात चोवीस तास लिहिलं होतं, सर. मी दहा मिनिटं वाचवलीत."

त्यांना हसू आलं असतं, पण टेबलावरचा फोन वाजला आणि ते उभे राहून बोलू लागले, हो ज्यू, हो ज्यू, म्हणत. फोन ठेवून त्यांनी ड्रॉवरमधून दुसरं पत्र काढलं. ते आधीच टाइप झालेलं होतं. फूलसरी चौधरी यांची वॉर्ड क्रमांक नऊला बदली, ताबडतोब लागू. नऊ नंबर वॉर्ड गावपालिकेच्या अगदी टोकाला. बस जिथे थांबते तिथून तीन तास चढ, हिवाळ्यात दार उघडलं की आत धुकं येतं. निराजनसर म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, तिकडे शांतता आहे, माणसंच कमी आहेत.

"चतुःसीमा तर तिथेही असेल," फूलसरी म्हणाली.

तिने पत्र घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि परत टेबलावर ठेवलं. जावक क्रमांक घातलेला नव्हता, आणि बिनक्रमांकाच्या पत्राविरुद्ध कुठे दाद मागता येत नाही. घाईत राहून गेला असेल. निराजनसर म्हणाले, घालून पाठवतो उद्या. फूलसरी खुर्चीत बसली. शिपायाने जावक रजिस्टर शोधून आणेपर्यंत वीस मिनिटं गेली, सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, ती बसून राहिली. रजिस्टर आलं, क्रमांक पडला, तारीख पडली. मग ती उठली.